लिनक्सचं अपडेट अडकलं? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

मे महिन्यातली संध्याकाळ होती. नागपूरच्या नंदनवनातल्या एका अभ्यासिकेत सहा जुने डेस्कटॉप आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे असते. दिवसभर शहर तापलं होतं, सहाच्या सुमारास वावटळ उठली आणि थोड्या वेळानं तिथल्या एका मुलाचा फोन आला. "ताई, लाइन गेली होती. चार नंबरच्या मशीनवर अपडेट चालू होतं. आता लाइन आली तर काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं येऊन राहिली." आणि लगेच पुढे, "बर्डीवरच्या एका दुकानात विचारलं, तर तो म्हणते फॉरमॅटच मारा लागन."

फॉरमॅट मारावं लागलं नाही. अर्ध्या-पाऊण तासात मशीन उभं राहिलं आणि मुलांच्या चार महिन्यांच्या नोट्स जागच्या जागी सापडल्या. त्या दिवसापासून मनात होतं की हे सगळं एकदा नीट लिहून काढावं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत, ट्यूशन क्लासेसमध्ये जुन्या मशीनवर मिंट किंवा उबंटू चढलं आहे. ही मंडळी आता पहिल्यांदाच मोठ्या अपडेटला सामोरी जात आहेत, आणि पहिली एरर दिसली की घाबरून फॉरमॅटकडे वळतात. अपडेट बिघडलं म्हणून सिस्टम मेली, असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा ती कुठेतरी थांबलेली असते आणि कुठे थांबली ते स्वतःच सांगत असते.

हा लेख उबंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन वापरणाऱ्यांसाठी आहे, कारण तिन्हींच्या पोटात ॲप्ट आणि डीपीकेजी हीच प्रोग्राम टाकायची-बदलायची यंत्रणा आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या: सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, डीपीकेजी ही चार अक्षरं तशीच. आडव्या रेघा, तिरक्या रेघा आणि मोकळ्या जागा जशा दिसतात तशाच ठेवायच्या.

'अपडेट' म्हणजे नेमकं काय अडकलं?

एकाच शब्दात आपण तीन वेगळी कामं कोंबतो. 'सुडो ॲप्ट अपडेट' फक्त याद्या आणतं: कुठल्या पॅकेजची (म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्याची) कुठली आवृत्ती उपलब्ध आहे एवढंच. तुमच्या सिस्टममधला एकही प्रोग्राम त्यानं बदलत नाही, त्यामुळे ते फसलं तर घाबरायचं काहीच कारण नाही. 'सुडो ॲप्ट अपग्रेड' खरोखर पॅकेजं बदलतं. तिसरं म्हणजे रिलीज अपग्रेड, उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणं, ज्यात घराचा पायाच बदलतो.

पॅकेज बदलतं तेव्हा डीपीकेजी ते दोन टप्प्यांत करतं. आधी फाइली उलगडून जागेवर ठेवतं, मग पॅकेज कॉन्फिगर करतं. प्रत्येक टप्प्यानंतर कुठलं पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे याची नोंद ते '/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' या फाइलमध्ये करत जातं. लाइन मधेच गेली तरी मशीन वाचतं ते या नोंदीमुळे. किराणा दुकानदार वहीत टिक करत माल लावतो, मधे कुणी हाक मारली तर परत येऊन शेवटच्या टिकेपासून पुढे सुरू करतो, तसंच हे.

सुरू करण्याआधी

नागपुरात मोठं अपडेट करायचं असेल तर सकाळी करा, विशेषतः मार्च ते जूनमध्ये. दुपारी खोली इतकी तापलेली असते की जुना, धुळीनं भरलेला लॅपटॉप कर्नलचं (सिस्टमच्या गाभ्याचं) मॉड्यूल बांधताना गरम होऊन आपोआप बंद पडू शकतो. संध्याकाळी वादळवाऱ्यानं लाइन जाण्याची भीती. सकाळी सात ते दहा ही वेळ मला सगळ्यात भरवशाची वाटते.

लॅपटॉप चार्जरला लावूनच ठेवा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरवरचं इको आणि यूपीएस असं बटण बघा, बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ते असतं. ते इकोवर असेल तर लाइन जाऊन बॅटरी लागेपर्यंतच्या क्षणात कूलरला काही होत नाही, पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. ते यूपीएसवर सरकवा. आणि तेवढ्या दोन तासांपुरता कूलर त्या इन्व्हर्टरवरून काढा.

मग बॅकअप. टाइमशिफ्ट मिंटमध्ये आधीपासून असतं, उबंटूवर टाकून घ्या. ते सिस्टमचा स्नॅपशॉट घेतं, पण तुमचं होम फोल्डर सहसा वगळतं. म्हणजे फोटो, नोट्स, हिशेबाच्या फाइली त्यात नसतात. त्या बाहेरच्या डिस्कवर वेगळ्या कॉपी करायच्या. हे न समजल्यामुळे 'स्नॅपशॉट होता की' म्हणत हळहळणारे लोक मी पाहिले आहेत. अजून एक: टाइमशिफ्टच्या नेहमीच्या पद्धतीला लिनक्सची फाइलसिस्टम लागते. बाजारातून आणलेला पेन ड्राइव्ह एफएटी किंवा एक्सफॅट असतो, त्यावर स्नॅपशॉट ठेवता येत नाही.

शेवटी दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर त्याच डिस्ट्रोचा (उबंटू, मिंट, जे असेल त्याचा) लाइव्ह यूएसबी बनवून ठेवा, म्हणजे गरज पडली तर मशीन त्यावरूनच सुरू करता येतं. मशीन बंद पडल्यावर तो बनवायला दुसरं मशीन शोधत फिरावं लागतं.

एरर वाचायची कशी

ज्या ओळीनं लोक हवालदिल होतात ती सगळ्यात शेवटची असते: सब-प्रोसेस डीपीकेजीनं एरर कोड १ दिला, अशा अर्थाची. या ओळीत काहीच माहिती नाही. वर सरका. एका पॅकेजमुळे दहा पॅकेजं अडतात आणि दहांच्या तक्रारी खाली येतात, खरं कारण पहिल्या तक्रारीत असतं. 'एरर प्रोसेसिंग पॅकेज' असं जिथे पहिल्यांदा आलं असेल, त्या ओळीतलं पॅकेजचं नाव आणि तिच्या वरच्या तीन-चार ओळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

टर्मिनल बंद झालं असेल तरी हरकत नाही. सगळा संवाद '/व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग' या फाइलमध्ये असतो, आणि कुठल्या दिवशी काय बदललं ते त्याच फोल्डरमधल्या 'हिस्टरी.लॉग'मध्ये. "काल चालत होतं, आज नाही" अशी तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी हिस्टरी.लॉगच उघडते.

लॉक मिळत नाही

मशीन सुरू केल्या केल्या अपडेट द्यायला गेलात आणि लॉक मिळत नाही असा निरोप आला, तर बहुधा सिस्टमचं स्वतःचं सुरक्षा-अपडेट मागे चालू आहे. निरोपातच प्रोसेसचा क्रमांक आणि 'अनअटेंडेड-अपग्र' असं अर्धवट नाव असतं. पंधरा मिनिटं थांबा. बस, एवढंच.

इंटरनेटवर ठिकठिकाणी लॉकची फाइल पुसून टाकायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. लॉक फाइल पुसली म्हणून मागचं काम थांबत नाही, उलट दोन प्रोग्राम एकाच वेळी त्या नोंदवहीत लिहायला लागतात आणि मग खरोखरचा बिघाड होतो.

तासभर झाला तरी लॉक सुटत नसेल तर दुसरी कुठली टर्मिनलची खिडकी उघडी आहे का बघा. तिथे एखादा प्रश्न उत्तराची वाट बघत असतो. मायक्रोसॉफ्टचे फाँट टाकणारं पॅकेज असा परवान्याचा चौकोन दाखवतं. खाली 'ओके' दिसतं, पण माउसनं दाबलं जात नाही. टॅब दाबा, ओके रंगला की एंटर. एका ओळखीच्या काकांनी याच चौकोनापाशी दोन तास वाट पाहिली होती.

लाइन गेली आणि अपडेट अर्ध्यात राहिलं

आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच होतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

मशीन सुरू होऊन डेस्कटॉप दिसत असेल तर टर्मिनल उघडा आणि या क्रमानं जा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

पहिली कमांड नोंदवही उघडून अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करते. जुन्या हार्ड डिस्कवर याला अर्धा तासही लागू शकतो आणि मधे पाच-पाच मिनिटं काहीच हलत नाही. डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे तोवर थांबा. दुसरी कमांड राहिलेली अवलंबित पॅकेजं आणते. तिनं काही काढायचं सुचवलं तर यादी वाचा. यादीत डेस्कटॉपचंच पॅकेज दिसलं तर 'एन' दाबून बाहेर या आणि आधी तिसरी कमांड चालवून पुन्हा प्रयत्न करा.

डेस्कटॉप येतच नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन आलं तर नाव-पासवर्ड देऊन वरच्याच चार कमांड. पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही, ते तसंच असतं.

तेही आलं नाही तर मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडायचा, मेनू उघडायचा. नव्या मशीनवर एस्केप एकदाच हलकं दाबायचं, जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवायचं. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ निवडा. उबंटू-मिंटवर पुढच्या मेनूत डीपीकेजी नावाचा पर्याय असतो, तो नेमकं हेच दुरुस्तीचं काम करतो. इंटरनेट लागणार असेल तर आधी 'नेटवर्क' निवडा. हातानं करायचं असेल तर 'रूट' निवडा, पण तिथे डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते. म्हणून पहिली कमांड ही:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

मग त्याच चार ओळी, सुडो न लावता.

चार नंबरच्या मशीनवर मात्र ग्रबनंतर कंसात 'इनिटरॅमएफएस' असं येऊन थांबलं होतं. मुलाला दिसलेली 'नुसती अक्षरं' हीच. लाइन अचानक गेल्यावर फाइलसिस्टममध्ये किरकोळ विसंगती राहते आणि सिस्टम म्हणते, आधी तपासा मग मी पुढे जाते. तिथे 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबलं की कुठलं पार्टिशन (डिस्कचा कप्पा) तपासायचं त्याचं नाव येतं. समजा नाव एसडीए२ आलं, तर:

एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२

संपल्यावर 'रीबूट'. आमचं मशीन इथून डेस्कटॉपवर पोचलं आणि मग 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'नं उरलेलं काम केलं. पण डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ही तपासणी दर आठवड्याला लागत असेल, तर दुरुस्ती राहू द्या, आधी लाइव्ह यूएसबीवरून डेटा काढून घ्या. ती डिस्क जायच्या मार्गावर आहे.

एखादं पॅकेज फारच विसंगत अवस्थेत आहे, पुन्हा टाका, असा निरोप आला तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि पुढे त्या पॅकेजचं नाव. आणि क्वचित, अगदी क्वचित, स्टेटस ही नोंदवहीच कोरी होते. तेव्हाही सगळं संपलेलं नसतं. त्याच फोल्डरमध्ये 'स्टेटस-ओल्ड' नावाची आधीची प्रत असते, आणि '/व्हार/बॅकअप्स' मध्ये 'डीपीकेजी.स्टेटस.०' या नावानं आणखी एक. कोरी फाइल बाजूला सारून यातली एक तिच्या जागी 'स्टेटस' या नावानं ठेवा आणि वरचा क्रम पुन्हा चालवा.

बूट भरलं

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर '/बूट' हे वेगळं, छोटं पार्टिशन तयार होतं. प्रत्येक नवा कर्नल त्यात दोन जाड फाइली ठेवतो. काही महिन्यांत ते भरतं, आणि मग 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' अशी एरर येते. लोक होममधले सिनेमे पुसत बसतात, त्यानं काडीचा फरक पडत नाही, कारण अडचण वेगळ्याच पार्टिशनमध्ये आहे. 'डीएफ -एच' दिल्यावर कुठल्या ओळीपुढे शंभर टक्के लिहिलंय ते बघा.

भरलेलं मुख्य पार्टिशन असेल तर 'सुडो ॲप्ट क्लीन' डाउनलोड केलेली पॅकेजं पुसतं आणि 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' जुने लॉग छाटतं, एकूण २०० मेगाबाइटच्या आसपास आणून ठेवतं. आकडा अर्थात इंग्रजीत टाइप करायचा, आणि इथला एम तेवढा मोठ्या अक्षरात.

भरलेलं बूट असेल तर आधी 'यूनेम -आर' चालवा. जो क्रमांक येतो तो तुमचा आत्ता चालू असलेला कर्नल, त्याला हात लावायचा नाही. मग:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

साधारणपणे यानंच जागा होते. पण कधी कधी ॲप्ट असं कात्रीत सापडतं की जुनं काढायलाही आधी अर्धवट काम पूर्ण करायचंय, आणि ते पूर्ण करायला जागा नाही. अशा वेळी मी पुसत नाही, हलवते. '/बूट' मध्ये 'इनिटआरडी.आयएमजी' नं सुरू होणाऱ्या फाइलींपैकी सगळ्यात जुन्या क्रमांकाची एक फाइल सुडो एमव्हीनं होम फोल्डरमध्ये न्यायची. तेवढ्या जागेत 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' पूर्ण होतं, मग ऑटोरिमूव्ह चालतं आणि जुने कर्नल रीतसर निघतात. काही चुकलंच तर हलवलेली फाइल परत ठेवता येते. पुसलेली ठेवता येत नाही.

याद्याच येत नाहीत

कॉलेजच्या किंवा होस्टेलच्या वायफायवर 'क्लिअरसाइन्ड फाइल' बरोबर नाही, 'नोस्प्लिट' मिळालं, अशी विचित्र एरर येते. अर्थ साधा आहे: तुम्ही वायफायचं लॉगिन पान भरलेलं नाही, आणि ॲप्टला यादीच्या जागी ते पान मिळालं. ब्राउझर उघडा, लॉगिन करा, पुन्हा अपडेट द्या.

'हॅश सम मिसमॅच' म्हणजे यादी अर्धवट किंवा जुनी-नवी मिसळून आली. तासाभरानं पुन्हा करा. तरी तेच, तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मध्ये सर्व्हर बदलून 'मेन सर्व्हर' निवडा. आणि तरीही हटत नसेल तर जुन्या याद्या पुसून नव्यानं आणायच्या:

सुडो आरएम -आरएफ /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स/*

या ओळीत पहिल्या तिरक्या रेघेपासून पुढे एकही मोकळी जागा जाऊ देऊ नका, ती गेली तर भलतंच पुसलं जाईल. एंटर दाबण्याआधी दोनदा वाचा.

'रिलीज फाइल अजून वैध नाही, इतक्या तासांनी होईल' असा निरोप आला तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा आणि मग स्क्रीनवरच्या. मशीनची तारीख मागे पडलेली असते. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, सीआर २०३२ नावाचा, बटणासारखा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळणारा. 'टाइमडेटसीटीएल' टाइप केलं की वेळ आणि ती इंटरनेटवरून जुळवली जाते आहे की नाही हे दोन्ही दिसतं. सेल बदलायला फार तर पाच मिनिटं लागतात.

'४०४' येत असेल आणि तुमची आवृत्ती फार जुनी असेल तर तिच्या याद्या मुख्य सर्व्हरवरून काढून जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. आधी आवृत्ती तपासा, सर्व्हरला दोष नंतर द्या.

परक्या रिपॉझिटरी

डिस्ट्रोबाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी (पॅकेजांची कोठारं) आणि पीपीए (उबंटूसाठी लोकांनी स्वतः उघडलेली अशीच कोठारं) हे बिघाडाचं मोठं माहेरघर. 'नो पबकी' म्हणजे त्या रिपॉझिटरीची किल्ली बदलली किंवा तुमच्याकडे नाही. ॲप्ट-की वापरून किल्ली टाकायचा जुना सल्ला आता सोडून द्या, ती पद्धत मोडीत निघाली आहे. किल्ली '/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज' मध्ये ठेवून रिपॉझिटरीच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहायचं, ही आजची रीत. पण त्याआधी स्वतःला विचारा की ही रिपॉझिटरी अजून हवी आहे का. तीन वर्षांपूर्वी एखाद्या व्हिडिओत बघून जोडलेली असते आणि तो प्रोग्राम आता कुणी उघडतही नाही. सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन तिची खूण काढून टाका, बाकीचं अपडेट मोकळं होतं.

एक वेगळीच चूक प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांकडून होते. नवं पायथन टाकून ते सिस्टमचं 'पायथन३' हे नावच त्याच्याकडे वळवतात. ॲप्टची अनेक अवजारं सिस्टमच्या पायथनवर चालतात, मग 'ॲप्ट_पीकेजी' नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणून ती कोसळतात. नाव पुन्हा मूळ पायथनकडे वळवा आणि शिकण्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा.

काही पॅकेजं 'मागे ठेवली' असा निरोप उबंटूवर आला तर बऱ्याचदा तो बिघाड नसतोच. उबंटू काही अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडतं, थोड्या मशीनवर आधी, बाकीच्यांवर नंतर. काही दिवसांत तुमची पाळी येते. जबरदस्ती करू नका.

एका आवृत्तीवरून दुसरीवर

उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षांचा नियमित पाठिंबा असतो. २०.०४ चा तो मे २०२५ मध्ये संपला. २०.०४ वर असाल तर थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, आधी २२.०४, मग २४.०४. डेबियनचंही तसंच: १२ जून २०२३ मध्ये आलं, १३ ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि ११ वरून १३ वर जायचं तर मधे १२ ला थांबावंच लागतं.

आदल्या दिवशी चालू आवृत्तीचं अपडेट पूर्ण करा आणि रीबूट करा. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' देऊन कुठलं पॅकेज बांधून ठेवलंय का ते बघा. परक्या रिपॉझिटरी बंद करा. मुख्य पार्टिशनवर किमान १५ ते २० जीबी मोकळे असू द्या, हा माझा स्वतःचा हिशेब आहे, पण त्यानं मला कधी अडवलं नाही. मग:

सुडो डू-रिलीज-अपग्रेड

'नवी आवृत्ती सापडली नाही' असं म्हणालं तर तीन कारणं तपासा. एक, अजून काही अपडेट बाकी आहेत. दोन, एलटीएसवरून पुढच्या एलटीएसचं आमंत्रण तिची पहिली सुधारित आवृत्ती आल्यावरच मिळतं. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, पण २२.०४ वाल्यांना वाट २४.०४.१ ची बघावी लागली, जे ऑगस्टमध्ये आलं. तीन, '/ईटीसी/अपडेट-मॅनेजर/रिलीज-अपग्रेड्स' या फाइलमध्ये 'प्रॉम्प्ट' समोर 'नेव्हर' लिहिलेलं आहे. ते 'एलटीएस' करा. कमांडला डॅश-डी जोडून पुढे रेटायचा सल्ला मिळेल, तो अजून न पिकलेल्या आवृत्तीचा रस्ता आहे. रोजच्या कामाच्या मशीनवर नको.

मधे सेटिंग फाइलींबद्दल प्रश्न येतात: जुनी ठेवायची की नवी? ती फाइल तुम्ही स्वतः बदललेली असेल तर जुनी ठेवा, बदललेली आठवत नसेल तर 'डी' दाबून फरक बघा. टर्मिनलची खिडकी चुकून बंद झाली तर घाबरू नका, अपग्रेड बहुधा स्क्रीन नावाच्या प्रोग्रामच्या आत चालू असतं. नवी खिडकी उघडून 'सुडो स्क्रीन -डी -आर' द्या, तिथेच परत पोचाल.

मिंट २१ वरून २२ वर जायचं तर आधी २१.३ वर या आणि मग मिंटअपग्रेड हे त्यांचं अवजार वापरा. ते स्वतःच टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट मागतं, हे मला फार आवडतं. २२ वरून २२.१ सारखी छोटी उडी अपडेट मॅनेजरच्या एडिट मेनूतूनच होते.

नंतर स्क्रीन काळी, वायफाय गायब, मराठी बंद

स्क्रीन काळी असेल तर ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर मशीन चाललं तर तुमची सिस्टम ठणठणीत आहे, फक्त नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला गेलेला नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर हे नेहमी होतं. उबंटूवर 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' चालवा. सिक्युअर बूट चालू असेल तर पुढच्या रीबूटला निळा पडदा येतो, 'एमओके मॅनेजमेंट' लिहिलेला. घाईत लोक 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. तिथे 'एनरोल' निवडून ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा.

वायफाय गेलं आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेटच नाही, हा पेच मोबाइल सोडवतो. फोन केबलनं जोडा, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते वायरच्या नेटसारखं दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

मराठी टायपिंग बंद पडलं तर आधी सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मराठीचा स्रोत यादीत उरलाय का ते बघा. नसेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन' करून लॉगआउट-लॉगिन करा, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मांडण्या परत दिसतील. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर 'फाँट्स-लोहित-देवा' हे पॅकेज टाका.

काहीच सुरू होत नसेल तर

लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा, 'ट्राय' निवडा. पहिलं काम: फाइल मॅनेजरमधून जुनं होम उघडून महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' देऊन ईएक्सटी४ लिहिलेलं मुख्य पार्टिशन ओळखा. समजा ते एसडीए२ आणि ईएफआयचं एसडीए१ आहे:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

तिसरी ओळ प्रॉक, सिस आणि रन या तीन फोल्डरसाठीही तशीच द्यायची. रन विसरलात तर आत गेल्यावर इंटरनेट चालणार नाही, कारण पत्ते शोधायची माहिती तिथे असते. बूटचं वेगळं पार्टिशन असेल तर ते ईएफआयच्या आधी जोडायचं. मग:

सुडो सीएचरूट /एमएनटी
डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
अपडेट-ग्रब
एक्झिट

रीबूट करा आणि पेन ड्राइव्ह काढा.

अभ्यासिकेतल्या प्रत्येक कॅबिनेटवर मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: मुख्य पार्टिशनचं नाव, ग्राफिक्स कार्ड, चालणाऱ्या कर्नलचा क्रमांक आणि शेवटच्या स्नॅपशॉटची तारीख. चार नंबरच्या चिठ्ठीवर त्याच मुलानं स्वतःच्या अक्षरात एफएससीकेची ओळ जोडली आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर दोन नंबरचं मशीन अडलं तेव्हा त्यानं मला फोन केला तो दुरुस्त झाल्यावर.